पाठमोरा चित्ता

१

याकूबभाईंच्या छापखान्यात एके काळी लग्नसराईत इतका खडखडाट असायचा, की विश्रामबागेतले शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पुढे लग्नपत्रिका मोबाइलवरून जायला लागल्या आणि छापखाना गप्प झाला. यंत्रं भंगारात गेली. राहिला तो हाताने चाक ओढून चालवायचा एक जुना प्रेस, तोही उचलायला भंगारवाल्याकडे पुरेशी माणसं नव्हती म्हणून. त्याच प्रेसवर आता त्यांची मुलगी अर्फा लाकडी ठोकळ्यांवरून चित्रं छापायची, आणि याकूबभाई गल्ल्यामागे बसून पेपर वाचता वाचता शेरे मारायचे.

"ना तारीख, ना मुहूर्त, ना आपले विनीत," ते म्हणत. "असला कागद लोक भिंतीला लावतात तरी कशाला?"

अर्फा हसून सोडून द्यायची. तिचं काम चोख होतं. फळीवर चित्र काढायचं, जे पांढरं हवं ते पटाशीने कोरून टाकायचं, उरलेल्यावर शाईचा रोलर फिरवायचा, वर कागद ठेवून प्रेसचं चाक ओढायचं. ठरलेल्या प्रती निघाल्या, की त्याच पटाशीने ठोकळ्यावर खोल फुली मारायची, म्हणजे पुन्हा कुणाला त्यावरून प्रत काढता येत नाही. या धंद्यातली ही जुनी रीत. घेणाऱ्याला खात्री लागते, की आपल्या घरातलं चित्र उद्या गल्लोगल्ली दिसणार नाही. अर्फाने आजवर कितीतरी ठोकळ्यांवर फुल्या मारल्या होत्या आणि नंतर निवांत चहा घेतला होता.

या खेपेचं काम विट्याच्या दिग्विजयचं होतं. कोइमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान, आणि इकडे आटपाडीच्या पुढे, होनाईच्या माळावर, नवा बंगला. दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीसाठी त्याला माळाचंच चित्र हवं होतं, पण जुन्या माळाचं. पवनचक्क्या नकोत, डांबरी रस्ता नको, आणि त्यात चित्ता हवा.

"बिबट्या नव्हं हां मॅडम," त्याने फोनवर बजावलं. "उसातला बिबट्या आता कुणाला बी दिसतोय. चित्ता पायजे. जो राहिला न्हाई त्यो."

२

अर्फा माळ बघायला गेली तेव्हा गवत वाळून पिवळं पडलं होतं. माळाच्या पलीकडच्या अंगाला म्हसवडचा, साताऱ्याकडचा डोंगर दिसायचा. उताराच्या तळाशी तानुबाईचं पाल होतं. तिचा लेक बिरदेव मोठा कळप घेऊन कोकणाच्या वाटेला गेलेला, आणि म्हातारी मागे थोडकी मेंढरं राखत एकटी राहिलेली. हिवराच्या सावलीत ती जरा टेकली असताना अर्फाने तिचं घाईघाईने रेखाटन केलं. मग तानुबाईने वहीत डोकावून बाकीचा माळ पाहिला.

"मोकळाच माळ काढतीयास व्हय?" ती म्हणाली. "मोकळा कवा हुता गं? त्यो हुता तवा आमी बी हुतो. त्येच्या वाटंत आमी, आमच्या वाटंत त्यो."

"तुम्ही पाहिला होता, आजी?"

"मी कुटली! माज्या सासूच्या सासूनं बगितला हुता. दिसाढवळ्या यायचा म्हनं, बिबट्यागत अंधारात चोरून न्हाई. आन् वरडायचा पाखरागत."

अर्फाला तिचं म्हणणं पटलं. तिने ठोकळ्यावर एका बाजूला टेकाड आणि टेकाडावर चित्ता कोरला. तो चित्राच्या बाहेर, दूर कुठेतरी पाहत होता, म्हणजे पाहणाऱ्याला त्याची पाठ आणि मानेचा मागचा भाग तेवढा दिसायचा. दुसऱ्या कोपऱ्यात हिवराखाली, टेकाडाकडे पाठ करून बसलेली तानुबाई. दोघांच्या मध्ये नुसतं गवत. ते गवत एकेक काडी करून कोरताना अर्फाची मनगटं भरून आली, पण इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं आणि ते तिलाही ठाऊक होतं.

पहिली प्रत तिने दुपारी जेवणाआधी काढली. शाई छान बसली होती. कागद दोरीला अडकवून ती जेवायला गेली, आणि परत आली तेव्हा चित्ता तानुबाईकडे पाहत होता.

ठसा उलटाच येतो, तिने स्वतःला समजावलं. डावीकडचं उजवीकडे जातं. एवढी साधी गोष्ट आपण कशी विसरलो, म्हणून तिला हसूही आलं. रोलर धुवायला घेतला आणि तिचा हात मध्येच थांबला. उलटं झालं तर टेकाड डावीकडचं उजवीकडे जाईल. पाठ करून बसलेला तोंड कसा वळवेल?

तिने ठोकळा उजेडात धरला. चित्त्याची पाठच होती. तिने कागद पाहिला. कागदावर त्याचं तोंड होतं, आणि डोळ्यांपासून जबड्यापर्यंत उतरणाऱ्या त्या दोन काळ्या रेघाही होत्या. त्या रेघा अर्फाने कोरल्याच नव्हत्या. पाठमोऱ्या जनावराला त्या कोण कोरणार?

"शाई पसरली असेल," याकूबभाई चष्मा पुसत म्हणाले.

शाई पसरून डोळे तयार होत नाहीत, हे आयुष्यभर शाईत हात घातलेल्या माणसाला तिने सांगायचं म्हणजे कमालच होती.

३

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना शेजारी उभं करून प्रत काढली. ठोकळा पुसला, चित्ता पाठमोरा असल्याची दोघांनी खात्री केली, शाई लावली, चाक ओढलं. कागद उचलला तो याकूबभाईंनी.

टेकाड रिकामं होतं.

चित्ता उताराच्या मध्यावर गवतात होता. कान मागे पडलेले, खांद्याची हाडं वर आलेली, डोकं खाली. त्याच्या तोंडापुढून गवताच्या काड्या गेल्या होत्या आणि त्या प्रत्येक काडीला अर्फाच्या पटाशीचं वळण होतं. रेघ तिचीच होती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर तिला इतकी भीती वाटली नसती.

"अब्बा, तुम्हाला दिसतंय ना?"

त्याच वेळी कागदांच्या मांडणीमागून एक बारीक आवाज आला, चिव्. थोड्या वेळाने पुन्हा, चिव्.

"चिमणी शिरली वाटतं," ते मोठ्याने म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने.

दोघांनी मांडणी पुढे ओढली. मागे भिंत होती, भिंतीत झरोका होता आणि झरोक्याला जाळी होती, याकूबभाईंनीच कबुतरांच्या त्रासाने ठोकून घेतलेली. जाळी शाबूत होती. खाली फरशीवर वाळल्या गवताचं एक कुसळ पडलं होतं. अर्फाने ते उचलून खिशात टाकलं आणि मनाशी म्हटलं, माळावरून कपड्यांना चिकटून आलं असेल. कुसळं चिकटतातच. त्यात काही खोटं नव्हतं, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना.

४

तिसऱ्या प्रतीत चित्ता कुठेच नव्हता. टेकाड मोकळं, उतार मोकळा. फक्त बसलेल्या तानुबाईच्या पाठीमागे गवताचा एक पट्टा आडवा झाला होता, कुणीतरी पोटावर सरकत यावं तसा, आणि तो तिच्यापासून हातभरावर संपत होता.

याकूबभाईंनी पटाशी उचलून मुलीच्या हातात दिली. "फुली मार. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"अर्फा!"

"एकदा मारलंय त्याला, अब्बा. एकही शिल्लक राहू नये इतकं मारलंय. आता लाकडात उरलाय तेवढाही मीच मारू?"

"आणि त्या म्हातारीचं काय?"

तिने तानुबाईला फोन लावला. म्हातारीचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत आला.

"माळावर काय तरी येऊन बसतंय गं दुपारचं. टेकाडावर बसायचं, आता खाली सराकलंय. फारेस्टवाला येऊन पाऊल बगून गेला. नखं उमटल्याती, बिबट्याची न्हाईत उमटत, म्हनला. म्हंजी कुत्रंच, म्हनला, आन् गेला चा पिऊन."

बिबट्याची नखं पंज्यात मिटतात. चित्त्याची कुत्र्यासारखी बाहेरच राहतात. पंजा कोरण्यासाठी अर्फाने हे मुद्दाम वाचून घेतलं होतं. "आजी, पालाच्या बाहेर बसू नका," एवढंच तिला म्हणता आलं.

फोन ठेवते न ठेवते तोच दिग्विजयचा आला. तो रविवारी येणार होता. प्रती घेईल, आणि फुली मात्र त्याच्या डोळ्यांसमोर मारायची.

"सोन्यासारखंच हाय मॅडम. गाळून झालं की मूस फोडायची. दुसऱ्याच्या हातात जायला नको."

म्हणजे तिचे वडील भीतीपोटी जे म्हणत होते, तेच हा हौसेपोटी म्हणत होता. अर्फाला दोघांचाही सारखाच राग आला.

५

ती प्रती गुंडाळून माळावर गेली. ऊन चांगलंच तापलं होतं. दिग्विजयच्या बंगल्याचं तारेचं कुंपण आता उतारावर बरंच खाली आलं होतं, आणि पूर्वी मेंढरं चरायची तिथे फाटकावर पाटी लागली होती.

तानुबाईने पालाच्या तोंडाशी बसून तिन्ही कागद एकामागून एक पाहिले. अर्फाने काही लपवलं नाही. ठोकळ्यात काय आहे, कागदावर काय येतंय, सगळं सांगितलं. म्हातारी घाबरली नाही. ती भडकली.

"ही मी?"

"हो, आजी."

"आन् ही बसलीया? पाठ करून?"

"तुम्ही दमला होता, सावलीत टेकला होता, म्हणून मी..."

"आगं, दमले तर घडीभर टेकले. तू त्येला कायमचं करून ठिवलंस! मेंढरं चरत्याली आस्ताना, टेकाडावर जनावर आस्ताना, धनगराची बाई अशी बसंल व्हय? उबं ऱ्हायाचं आस्तंय. घोंगडं दोनी हातानं पसरायचं, म्हंजी आपुन मोठं दिसतो. काठी आपटायची. पळायचं न्हाई आन् बसायचं बी न्हाई. बसल्यालं मानूस त्येला मेंढरागत दिसतंय. त्येचा काय दोस?"

अर्फाचा चेहरा उतरला. इतके दिवस तिने चित्त्याच्या पंज्यापासून शेपटीपर्यंत सगळं वाचलं होतं, आणि बाईला मात्र चांगली दिसते म्हणून बसवलं होतं.

"मी फुली मारते, आजी. मग तो येणार नाही."

"मारू नगंस!" तानुबाईने कागद तिच्या अंगावर टाकले. "त्यो गेला, आता तारा वडून आमाला हुसकाय लागल्यात. दोगं बी गेल्यावर ह्यो माळ कुनाचा? त्येला मारू नगंस. मला उबी कर."

तेवढ्यात मेंढरांचं चरणं थांबलं. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. कुत्रं बसल्या जागी थरथरत होतं, पण भुंकत नव्हतं. वारा म्हसवडच्या बाजूने येत होता आणि गवत त्या वाऱ्याने एका अंगाला झुकलं होतं. त्यातली एक रेघ मात्र उलट्या अंगाने हलत खाली येत होती.

"पळू नगंस, पोरी," तानुबाई हळूच म्हणाली आणि उठली. घोंगडं खांद्यावरून काढून तिने दोन्ही हातांनी पसरलं. अर्फाने काठी घेतली आणि जमिनीवर आपटली. तिने पुन्हा आपटली, आणि पुन्हा.

रेघ थांबली. गवतात पिवळ्यावर पिवळं होतं. त्यात काय आहे आणि काय नाही, हे कितीही डोळे ताणले तरी कळेना. बऱ्याच वेळाने तिथून आवाज आला, चिव्. मग गवत वाऱ्याबरोबर झुकलं आणि मेंढरं खाली माना घालून चरायला लागली.

अर्फा निघाली तेव्हा तानुबाईने वाघरीचा, मेंढरं कोंडायच्या जाळीचा, एक मोडका खुंट तिच्या हातात दिला. जुना, बाभळीचा, आतून लोखंडासारखा पक्का. "माजं लाकूड माज्याच माळाचं आसू दे," ती म्हणाली.

६

लाकडातून एकदा कोरून काढलेलं परत आणता येत नाही. फार तर तेवढा भाग चौकोनी कापून तिथे नवं लाकूड बसवता येतं. अर्फाने बसलेल्या तानुबाईचा कोपरा कापला आणि बाभळीचा तुकडा तासून, ठोकून तिथे बसवला. जोड उघड दिसत होता. दिसू दे, ती म्हणाली.

बाभूळ कोरणं म्हणजे दगडाशी भांडण. दोन पटाश्या बोथट झाल्या, अंगठा फुटला. मांडणीमागे अधूनमधून काहीतरी कूस बदलल्यासारखं वाजायचं. अर्फा मान वर करायची नाही. "थांब जरा," ती ठोकळ्याकडे बघतच म्हणायची, "आजीला उभी राहू दे. मग बघू तुझं." याकूबभाईंनी पेपर वाचायचं सोडून दिलं होतं. ते मुकाट्याने पटाश्यांना धार लावून देत होते.

रविवारच्या सकाळी तानुबाई ठोकळ्यात उभी राहिली. घोंगडं पसरलेली, पाय रोवलेली, तोंड समोर.

७

दिग्विजय उन्हाचा आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, स्वभावाने तसा दिलदार. येताना याकूबभाईंसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता.

"करा सुरू मॅडम. मला बी बगू द्या कसं निघतंय ते."

अर्फाने शाई लावली, कागद ठेवला आणि चाक ओढलं. तिने कागद उचलला. म्हातारी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

म्हातारी होती. बाभळीच्या जोडाची पांढरी रेघ तिच्याभोवती चौकटीसारखी आली होती, पण ती उभी होती, धडधाकट. तिच्या शेजारी, काठीभर अंतर राखून, चित्ता बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं नव्हतं. दोघं सरळ कागदाबाहेर पाहत होती.

अर्फाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते शाईच्या हातानेच पुसलं.

दिग्विजयचं हसू मावळलं. त्याने ठोकळा पाहिला, कागद पाहिला. ठोकळ्यात चित्ता अजून टेकाडावर पाठमोराच होता. "हे आसं कसं निघालं? आन् माज्याकडं का बगत्यात दोगं?"

"मला माहीत नाही. मी तसं कोरलेलं नाही."

"ऱ्हाऊ द्या. चित्र नको मला. पर हे ठिवायचं बी न्हाई. मारा फुली."

"मारणार नाही."

"ठरलं हुतं मॅडम!"

"ठरलं होतं. मी मोडते."

दिग्विजयने टेबलावरची पटाशी उचलली आणि तो ठोकळ्यापाशी आला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, घाबरला होता बिचारा. अर्फाने ओल्या शाईवर दोन्ही तळहात पसरून ठेवले, एक चित्त्यावर, एक म्हातारीवर.

"मारा," ती म्हणाली. "माझ्या हातांवरून मारा."

पटाशी वरच राहिली. कारण तेव्हा तो आवाज झाला, अगदी जवळ, दिग्विजयच्या गुडघ्याच्या उंचीवर. चिव्.

याकूबभाई गल्ल्यामागून पाहत होते. पाहिलं ते त्यांनीच, आणि तेही सगळं नाही. मांडणी आणि प्रेस यांच्यामधल्या उन्हाच्या पट्ट्यातून एक लांब शेपूट सावकाश निघून गेली. टोकाकडे काळ्या कड्या, शेवटी पांढरा झुपका. पुढचं अंग कधीच आड झालं होतं.

पटाशी फरशीवर पडली. दिग्विजय भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेला आणि मग रस्त्यावर पळत सुटला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच उशिराने आला.

छापखान्यात शाईचा आणि वाळल्या गवताचा वास भरून राहिला होता. अर्फाने हात उचलले. तळवे काळेभोर झाले होते. ठोकळ्यावर ओरखडाही नव्हता. तिने रोलर उचलला आणि शाईवर फिरवायला घेतला.

"आता कुणासाठी?" याकूबभाईंनी विचारलं. "घेणारा तर गेला."

"कुणासाठी नाही. छापायच्या. मोजायच्या नाहीत, फुली नाही, काही नाही. लाकूड झिजून सपाट होईपर्यंत छापायच्या."

"आणि प्रत्येक कागदावरून एकेक सुटत असेल तर?"

अर्फाने कोऱ्या ठोकळ्यावर रोलर फिरवावा तितक्या शांतपणे तो फिरवला. तिलाही भीती वाटत होती, आणि ती लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"सुटू देत, अब्बा," ती म्हणाली. "एकटा किती दिवस राहील?"

याकूबभाईंनी जाऊन दाराची बंद असलेली दुसरी फळीही उघडली, वाटेतलं स्टूल बाजूला सरकवलं, आणि परत येऊन मुलीच्या हातात कोरा कागद दिला.